चौथ्या क्रमांकाचा लेफ्ट बॅक

फुटबॉल क्लबवर जीव लावलेली माणसे एकत्र बसली की एक प्रश्न हमखास निघतो. आपल्या क्लबकडून आजवर जेवढे खेळले, त्यांतून अकराच जण मैदानात उतरवायचे झाले, तर कोणाला उतरवायचे? गोव्यात साळगांवकर क्लबचा जुना चाहता ब्रह्मानंद शंखवाळकरांपासून सुरुवात करतो, त्याच्या मुलाला ब्रुनो कुतिन्हो आधी आठवतो आणि नातवाने पाहिलेला असतो तो जपानी आघाडीवीर र्‍युजी सुएओका. तिघांचा क्लब एक, जर्सी एक. पण तिघांच्या डोळ्यांसमोरचे संघ निराळे. या वादाला चाहते ‘ऑल टाइम इलेव्हन’ म्हणतात.

हा वाद वेळ घालवण्यासाठी असतो, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तो इतिहास लिहिण्याचा एक प्रकार आहे. पुरावा कोणता मानायचा, जुन्या आणि नव्याची तुलना कोणत्या मापाने करायची, संस्थेची सुरुवात केव्हापासून धरायची, हे इतिहासकाराचे प्रश्न इथे फुटबॉलच्या भाषेत विचारले जातात. आणि हा इतिहास चांगला लिहायचा असेल, तर तो एकट्याने लिहू नये, आळीपाळीने लिहावा, असे या प्रकरणाचे सांगणे आहे.

आळीपाळीची निवड

आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने ती १९३६ मध्ये सुरू केली. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची ती कल्पना होती. श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवत होते. म्हणून आदल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाने पहिला खेळाडू निवडायचा, असा नियम झाला. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव जे बर्वँगर यांचे निघाले आणि ते व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळले नाहीत! आपल्याकडे इंडियन सुपर लीगने ही पद्धत वापरली. २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत झालेल्या ड्राफ्टमध्ये नव्याने आलेल्या जमशेदपूर क्लबने केरळचा बचावपटू अनस एडाथोडिका याला सर्वांत आधी उचलले.

चाहत्यांनी हीच पद्धत इतिहासाला लावली. चार जण बसतात. एकाने एखादा खेळाडू घेतला की तो बाकीच्या तिघांसाठी संपला. असे करत प्रत्येकाने अकरा जणांचा संघ पुरा करायचा.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि पुन्हा पहिला असे फिरत राहिलो, तर चार फेऱ्यांत पहिल्याच्या वाट्याला १, ५, ९ आणि १३ या क्रमांकांच्या निवडी येतात. चौथ्याला मिळतात ४, ८, १२ आणि १६. बेरीज केली तर एकाची २८ आणि दुसऱ्याची ४०. म्हणजे चौथ्यावर उघड अन्याय. म्हणून दुसरी फेरी उलटी फिरवतात. चौथा लागोपाठ दोनदा निवडतो, मग तिसरा, दुसरा, पहिला. आणि पहिलाही लागोपाठ दोनदा निवडतो. आता पहिल्याला १, ८, ९, १६ मिळतात आणि चौथ्याला ४, ५, १२, १३. दोघांची बेरीज ३४. या नागमोडी क्रमाला इंग्रजीतल्या सापावरून ‘स्नेक ड्राफ्ट’ म्हणतात.

याहून मोठा फरक संख्येत आहे. एकट्याने संघ निवडला की अकरा नावे निघतात, आणि ती बहुधा सगळ्यांना ठाऊक असलेली असतात. चौघांच्या ड्राफ्टमध्ये ४४ नावे लागतात. चार गोलरक्षक लागतात, चार लेफ्ट बॅक लागतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गाजलेली नावे संपतात आणि मग आठवणीची परीक्षा सुरू होते. क्लबच्या इतिहासातला चौथ्या क्रमांकाचा लेफ्ट बॅक कोण? त्याच्यावर लेख आलेला नसतो, त्याचा फोटो क्लबच्या भिंतीवर नसतो. तो आठवायला कोणातरी जुन्या माणसाला विचारावे लागते. ड्राफ्टची खरी कमाई तिथे सुरू होते.

इतिहास कुठून मोजायचा?

पहिला वाद पात्रतेचा होतो. साळगांवकर क्लब १९५६ मध्ये ‘विमसन’ या नावाने सुरू झाला. व्ही. एम. साळगांवकर उद्योगसमूहाच्या आद्याक्षरांतून ते नाव आले होते. मग विमसनच्या जर्सीत खेळलेला माणूस साळगांवकरच्या सार्वकालिक संघात बसतो का? बहुतेक चाहते ‘हो’ म्हणतील. कारण मालक तेच, परंपरा तीच, फक्त नाव बदलले.

कोलकात्यात हाच प्रश्न जास्त धारदार झाला. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानचे २०२० मध्ये एटीके या क्लबशी विलीनीकरण झाले. एटीकेचा जन्म २०१४ चा, आणि त्यांच्या नावावर इंडियन सुपर लीगची तीन विजेतेपदे होती. त्या तीन संघांतले खेळाडू मोहन बागानचे मानायचे का? बागानच्या चाहत्यांनी आपल्या नावामागे दुसरे नाव लावायला जोराचा विरोध केला, आणि २०२३ मध्ये एटीके हे नाव गेले. चाहत्यांच्या मनातला इतिहास कंपनीच्या कागदपत्रांप्रमाणे चालत नाही, हे त्यातून दिसले.

हा प्रश्न केवळ श्रीमंत क्लबांचा नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. उद्या कोणी नंदुरबार जिल्ह्याचा सार्वकालिक संघ करायला बसले, मग तो फुटबॉलचा असो की कबड्डीचा, तर १९९८ पूर्वी धानोऱ्याचा किंवा नवापूरचा जो मुलगा धुळे जिल्ह्याच्या संघातून खेळला त्याचे काय? कागदावर तो धुळ्याचा. त्याची माती, त्याचे सवंगडी, त्याचा सराव मात्र आजच्या नंदुरबारचा. माझे मत असे की माणसाला त्याच्या मैदानावरून ओळखावे, सरकारी हद्दीवरून ओळखू नये. पण नियम कोणताही करा, तो निवड सुरू होण्याआधी करा आणि लिहून ठेवा. आवडता खेळाडू बसावा म्हणून मध्येच नियम वाकवला, की ड्राफ्टची किंमत जाते.

पंचपांडवांना जागा कुठे?

दुसरा वाद काळाचा. आज बहुतेक संघ चार बचावपटू, तीन मधल्या फळीतले आणि तीन आघाडीवीर अशी रचना करतात, किंवा तिच्या आसपासची. भारतीय फुटबॉलच्या जुन्या काळात दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी मांडणी होती. म्हणजे पुढे पाच जण.

ईस्ट बंगालच्या इतिहासात याचे सुंदर उदाहरण आहे. १९४९ ते १९५३ या काळात त्यांच्या आघाडीला ‘पंचपांडव’ म्हणत: वेंकटेश, अप्पा राव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही जण दक्षिणेतून आलेले. त्यांच्या जोरावर ईस्ट बंगालने १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे आयएफए शील्ड जिंकली. आता ईस्ट बंगालचा सार्वकालिक संघ आजच्या रचनेत बसवायचा म्हटले, तर पुढच्या फळीत जागा तीनच. पाच पांडवांतले दोन वगळायचे कोणते? आणि तिघांनाच घेतले, तर ती फळी तरी तीच राहते का? अहमद खान चेंडू पायाशी खेळवत बचाव खेचून घेत, कारण मोकळ्या जागेत कोण धावणार हे त्यांना पक्के माहीत होते. त्यांना एकट्याला उचलून निराळ्या साथीदारांत ठेवले, तर त्यांचा अर्धा खेळ मागे राहतो.

पायांतल्या बुटांचाही विचार करावा लागतो. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे दहा खेळाडू अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर, बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर चेंडू काबूत ठेवणारा माणूस आजच्या सपाट हिरवळीवर कसा खेळला असता? याचे उत्तर कोणाकडेच नाही, म्हणून प्रश्न बदलावा. तो आजच्या मैदानावर कसा खेळला असता, हे विचारू नये. त्याच्या काळातल्या इतरांपेक्षा तो किती वरचढ होता, हे विचारावे. खेळाडूला त्याच्या पिढीशी मोजावे, आणि मग दोन पिढ्यांतल्या वरचढपणाची तुलना करावी. क्रीडा इतिहासात याहून न्याय्य माप अजून कोणाला सापडलेले नाही.

गोलरक्षक आधी की आघाडीवीर?

ड्राफ्टमध्ये नवखा माणूस पहिल्या फेरीत गोल करणारा घेतो. मुरलेला चाहता आधी दुर्मिळ जागा शोधतो. क्लबच्या इतिहासात चांगले आघाडीवीर आठ-दहा असतील, तर त्यांतला एक आपल्याला पाचव्या फेरीतही मिळेल. पण खरोखर मोठा गोलरक्षक एकच असेल, आणि तो दुसऱ्याने नेला, तर पुढच्या नावापर्यंतची दरी फार खोल असते. म्हणून नुसता खेळाडूचा दर्जा पाहून भागत नाही. त्याच्या जागेवरच्या पुढच्या पर्यायापेक्षा तो किती सरस आहे, हे पाहायचे.

साळगांवकरच्या ड्राफ्टमध्ये हा हिशेब ब्रह्मानंद शंखवाळकरांपाशी येऊन थांबतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची कितीतरी वर्षे ते साळगांवकरच्या गोलमध्ये उभे राहिले. ऐंशीच्या दशकात त्यांनी भारताचे कर्णधारपद सांभाळले. गोव्याने १९८३-८४ च्या हंगामात संतोष करंडक जिंकला तो त्यांच्या पिढीने. १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री. साळगांवकरकडे पुढेही चांगले गोलरक्षक आले. करणजित सिंग २०१०-११ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या संघात होता. पण एकाच क्लबच्या गोलमध्ये एवढा काळ, एवढ्या उंचीवर उभा राहिलेला माणूस दुसरा नाही. पहिली निवड माझ्या हाती असती, तर मी ब्रह्मानंद यांनाच घेतले असते.

मग मधली आणि पुढची फळी. साव्हियो मदेरा साळगांवकरच्या मधल्या फळीचे आधार होते. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-० असे हरवले. ब्रुनो कुतिन्हो भारताचे कर्णधार आणि २००१ चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. १९९८-९९ मध्ये साळगांवकरने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. गोव्यातल्या क्लबने जिंकलेली ती पहिली राष्ट्रीय लीग, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते शब्बीर अली. आल्विटो डिकुन्हा इथूनच २००२ मध्ये ईस्ट बंगालला गेला. हा शेवटचा तपशील पुढच्या वादाला तोंड फोडतो. ज्याची सर्वोत्तम वर्षे दुसऱ्या क्लबमध्ये गेली, त्याला आपल्या संघात किती मान द्यायचा? नियम असा हवा की खेळाडूने आपल्या जर्सीत जे केले तेवढेच मोजायचे. भारतासाठी केलेले गोल, दुसऱ्या क्लबसाठी जिंकलेले करंडक, पुढे प्रशिक्षक म्हणून कमावलेले नाव, हे सगळे बाजूला ठेवायचे.

यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे चाहते खालिद जमील यांचे नाव घेतात, तेव्हा डोळ्यांसमोर २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या छोट्या आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून देणारा आणि २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झालेला माणूस येतो. महिंद्रच्या मधल्या फळीत खेळणारा तरुण खालिद त्या प्रकाशात उजळून निघतो. ड्राफ्टमध्ये त्या तरुण खेळाडूचाच विचार व्हायला हवा. त्याच्या शेजारी महिंद्रचाच स्टीव्हन डायस उभा करून पाहावा. मुंबईचा हा विंगर पुढे खालिद यांच्याएवढा मोठा प्रशिक्षक झाला नाही, म्हणून त्याचे क्रॉस लहान होत नाहीत.

किती खेळला की कसा खेळला?

धेंपो क्लबचा ड्राफ्ट करायला बसलेल्यांना सोन्याची खाण मिळते. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे या क्लबने मिळवली, आणि २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. त्यांना पुढे जीवनगौरव गटातला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

नावे पाहा. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, ज्याने २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध अखेरच्या क्षणी भारताला जिंकून देणारा गोल केला. डाव्या बाजूला क्लिफर्ड मिरांडा. पुढे चेंडू खेळवायला ब्राझीलचा बेटो आणि गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये १४ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला २६ सामने. त्या एका हंगामात रँटीने ३२ गोल केले.

अशा क्लबमध्ये आठ-आठ हंगाम खेळलेल्यांची वाण नाही. मग क्रिस्टियानो ज्युनियरचे काय करायचे?

हा ब्राझीलचा आघाडीवीर २००४ मध्ये ईस्ट बंगालकडून धेंपोकडे आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोने २-० असा विजय मिळवला आणि दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल करताना त्याची प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो मैदानावर कोसळला आणि वाचला नाही. वय २५ वर्षे. धेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच हंगामात क्लबने राष्ट्रीय लीगचे आपले पहिले विजेतेपद मिळवले.

सामने मोजले तर ज्युनियर कोणत्याच सार्वकालिक संघात बसणार नाही. तरीही धेंपोच्या इतिहासातून त्याला वगळून कोणी उठू शकेल, असे मला वाटत नाही. याचा अर्थ हा नाही की भावना आली की नियम संपला. याचा अर्थ असा की निवडीआधी सर्वांनी मिळून एक वेगळी नोंद करावी. अकरांच्या बाहेर एक सन्मानाची जागा ठेवावी, ती कोणी निवडायची नाही आणि कोणी नाकारायची नाही. ज्या क्लबने १० क्रमांक बाजूला ठेवला, त्या क्लबच्या ड्राफ्टमध्येही १० क्रमांकाची जर्सी कोणाला देऊ नये. चाहत्यांनी क्लबचा शब्द पाळण्याचा हा साधा मार्ग आहे.

आठवणीचे कल

आता आपल्या आठवणीविषयी. ती तीन ठिकाणी ठरलेल्या दिशेने झुकते.

पहिला झुकाव गोलकडे. २०२० मध्ये ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने जगभरातल्या १४० पत्रकारांची मते घेऊन सर्वकालीन संघ जाहीर केला. गोलमध्ये याशिन, बचावात काफू, बेकेनबाउर, माल्दिनी, मधल्या फळीत झावी, मॅथेउस, पेले, मॅराडोना, पुढे मेस्सी, ब्राझीलचा रोनाल्डो आणि पोर्तुगालचा रोनाल्डो. बचावपटू तीनच. मधल्या फळीत बसवलेले पेले आणि मॅराडोना दोघेही मुळात गोलकडे धावणारे, आणि पुढे आणखी तीन. चेंडू गेला की परत मिळवायला मागे कोण धावणार? प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मतदान झाले की असे होते. नावे अकरा मिळतात, पण संघ तयार होत नाही. ड्राफ्टमध्ये हा दोष कमी होतो, कारण एकच माणूस सगळ्या जागा भरत असतो आणि शेवटी त्याला आपल्या संघाचे समर्थन करावे लागते.

दुसरा झुकाव आपल्या पंधरा ते पंचवीस या वयाकडे. त्या वयात पाहिलेला खेळाडू आयुष्यभर मोठाच राहतो. म्हणून ड्राफ्टला बसणारे चौघे एकाच वयाचे नसावेत. आजोबा, वडील आणि मुलगी असे तिघे बसले, तर तीन पिढ्यांचे झुकाव एकमेकांना तोलतात.

तिसरा झुकाव छायाचित्रणाकडे. ज्याचे गोल पुन्हा पाहता येतात तो जिंकतो. एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीगमध्ये ४८ गोल करणाऱ्या कोरोचा प्रत्येक गोल आज फोनवर दिसतो. विमसनच्या काळातला गोल ज्यांनी पाहिला त्यांच्याच तोंडी उरला आहे. यावर उपाय एकच: ज्या दशकांचे चित्रण नाही, त्या दशकांतून प्रत्येकाने किमान दोन खेळाडू घ्यायचेच, अशी अट घालावी. ही अट आली की लोक जुनी वर्तमानपत्रे काढतात, निवृत्त खेळाडूंच्या घरी जातात, माहिती विचारतात.

क्लब थांबतात तेव्हा

भारतात हा ड्राफ्टचा खेळ खेळायला आणखी एक मोठे कारण आहे. आपले क्लब टिकत नाहीत. महिंद्रचा संघ १९६२ मध्ये उभा राहिला. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली, त्याच संघात ब्राझीलचा जोझे बरेटो होता. २००१ आणि २००८ मध्ये त्यांनी ड्युरँड कप जिंकला. आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबईत त्याआधी मफतलाल, ओर्के मिल्स, कॅल्टेक्स यांचे संघ होते. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा मुंबईचा नेव्हिल डिसोझा टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळला. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. आज कॅल्टेक्सचा संघ नाही आणि रोव्हर्स कपही होत नाही. २०१६ मध्ये साळगांवकर आणि धेंपो यांनी आय-लीगमधून माघार घेतली. धेंपो २०२४ मध्ये खालच्या श्रेणीतून वर चढत पुन्हा आय-लीगमध्ये आला, हे खरे. साळगांवकरच्या चाहत्यांना अजून तसा दिवस दिसलेला नाही.

इंग्लंडमधल्या अनेक क्लबांची जुनी सामनापत्रके, तिकिटे, छायाचित्रे सांभाळायला क्लबचे संग्रहालय असते. आपल्याकडे कंपनीने संघ बंद केला की करंडक गोदामात जातात आणि नोंदवह्या रद्दीत. मग त्या क्लबचा इतिहास उरतो तो चाहत्यांच्या डोक्यात. असा चाहता ड्राफ्टला बसून ४४ नावे बाहेर काढतो, तेव्हा बंद पडलेल्या संस्थेचे दफ्तर तो पुन्हा लावत असतो. करमणुकीच्या पलीकडचे हे काम आहे, आणि ते वेळेत व्हायला हवे. ज्यांनी कॅल्टेक्सचा संघ डोळ्यांनी पाहिला, ते आज उतारवयात आहेत.

महाराष्ट्रात हे काम सर्वांत सहज होऊ शकेल ते कोल्हापुरात. तिथे फुटबॉल पेठांचा आहे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर हंगाम रंगला की अख्खी पेठ मैदानात असते. कोणता खेळाडू कोणत्या हंगामात कोणत्या तालमीकडे गेला, हे समर्थकांना तोंडपाठ असते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. प्रत्येक तालमीने एका संध्याकाळी तीन पिढ्यांना बसवून आपला ड्राफ्ट करावा आणि निघालेली सगळी नावे वर्षांसह छापावीत. अशी छोटी पुस्तिका कोल्हापूरच्या फुटबॉलच्या इतिहासाचा पक्का आधार ठरेल.

आपल्या गावाचा ड्राफ्ट

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात साळगांवकर किंवा धेंपो नाही. पण शाळेचा संघ आहे, गावाचा संघ असतो, जत्रेच्या किंवा प्रजासत्ताक दिनाच्या स्पर्धेसाठी शेजारच्या गावाविरुद्ध उतरलेली पोरे असतात. ज्या मैदानावर तीस-चाळीस वर्षे खेळ झाला, त्या मैदानाला इतिहास आहे. तो कोणी लिहिला नाही, एवढेच. खेळ कोणताही असो, ड्राफ्टची रीत तीच.

वाचकांनी हे करून पाहावे, म्हणून थोडक्यात रीत देतो.

वेगवेगळ्या वयांचे चार जण घ्या. त्यांतली एक तरी बाई किंवा मुलगी असू द्या. मुलींच्या संघांच्या आठवणी पुरुषांच्या यादीतून हमखास निसटतात. सुरुवात कोणत्या वर्षापासून धरायची आणि कोण आपल्या गावाचा मानायचा, हे आधी ठरवून लिहा. ज्या वर्षांची छायाचित्रे नाहीत, त्या वर्षांतले किमान दोन खेळाडू प्रत्येकाने घ्यायचेच. निवड नागमोडी क्रमाने करा. प्रत्येक नावापुढे जागा, खेळलेली वर्षे आणि ‘का घेतला’ याचे एक वाक्य लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहून ठेवा, खोडू नका. जो खेळाडू आज हयात आहे, त्याच्याकडे जाऊन ती नोंद वाचून दाखवा आणि तो सांगेल ती दुरुस्ती करा.

निवड झाल्यावर कोणाचा संघ जिंकला असता, यावर वाद जरूर घाला. खेळाची गोडी त्यातच आहे. पण वही मिटण्याआधी शेवटच्या फेऱ्यांतली नावे पुन्हा एकदा वाचा. पहिल्या फेरीतली नावे गावाला ठाऊकच होती. शेवटच्या फेऱ्यांत जे लेफ्ट बॅक, जे गोलरक्षक निघाले, त्यांचे नाव आज पहिल्यांदाच कागदावर आले आहे. त्या वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या पिढीला आपला संघ निवडायचा असेल, तेव्हा तिला पहिला आधार तुमच्या वहीचा मिळेल.